पंप, नाकाचा स्प्रे आणि गोळी: स्टेरॉइड घ्यायचं कसं

"ह्यात स्टेरॉइड तर नाही ना?" दम्याचा पंप हातात घेतला की गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं. आहे म्हटलं की चेहरा पडतो, पंप काउंटरवर परत येतो आणि लगेच पुढची मागणी होते: "त्यापेक्षा मागे दिल्या होत्या ना, त्या बारीक पांढऱ्या गोळ्या द्या. दोन दिवसांत छाती मोकळी होते." त्या बारीक पांढऱ्या गोळ्या प्रेडनिसोलोनच्या. म्हणजे स्टेरॉइडच, तेही पंपातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आणि सगळ्या अंगात फिरणारं. लोकांची भीती खोटी नाही, पण ती भलत्याच डबीवर जाऊन बसली आहे.

इंदूरला राजेंद्रनगरात आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, पुढे फार्मसी शिकलेली सून घरात आली म्हणून काउंटर माझ्याकडे आला. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दवाखान्यातल्या गर्दीत पंप ओढायचा कसा हे विचारायचं राहून जातं, आणि तो प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. रोज जे तोंडी सांगते ते एकदा सलग लिहून काढते आहे.

हे आहे तरी काय

आपल्या दोन्ही किडन्यांच्या वर एकेक लहानशी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. तिच्यातून कॉर्टिसोल पाझरतं, पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त. सूज आवरणं, रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळणं, आजारपणाचा ताण झेलणं ही त्याची कामं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही औषधं त्याच घराण्यातली. जिममधली पोरं दंड फुगवायला घेतात ते स्टेरॉइड वेगळ्या घराण्यातलं, पुरुषी हार्मोनचं. त्याचा दम्याशी काही संबंध नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. त्या कामाबद्दल हेंच, केंडल आणि राइकस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. लोकांना वाटलं अमृत सापडलं. मग चेहरा सुजणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं दिसू लागलं. तेव्हापासून डॉक्टरांची खटपट एकच: औषध जिथे सूज आहे तिथेच पोचवायचं, बाकी शरीराला त्रास द्यायचा नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेक्लोमेथासोनचा पंप आला तो त्याच खटपटीतून. म्हणजे पंप निघाला तोच गोळीपासून वाचवायला.

आता थोडा हिशेब. दम्याचा मोठा झटका आला की मोठ्या माणसाला डॉक्टर साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन रोज, पाच-सात दिवस देतात. बुडेसोनाइडच्या एका दाबात असतात २०० मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. म्हणजे २०० दाबांचा अख्खा पंप संपला तेव्हा कुठे ४० मिलिग्रॅम औषध बाहेर पडलं. दोन औषधांची ताकद सारखी नसते, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, अंदाजापुरता आहे. शिवाय पंपातलं जे घशात चिकटून पोटात जातं, त्यातलं बरंचसं यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. हे कागदावर लिहून दाखवलं की माणसं पंप परत उचलतात.

रोजचा पंप आणि अडचणीचा पंप

दम्यात श्वासनलिकेला आतून सूज असते. त्या सुजलेल्या नळीला धूळ, धूर, थंडी लागली की भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ होतो आणि घरघर सुरू होते. सल्ब्युटामोलचा निळा पंप, आपल्याकडे सगळे अ‍ॅस्थालिन म्हणून ओळखतात तो, आवळलेले स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत बरं वाटतं. सूज मात्र जिथल्या तिथे. ती उतरवायचं काम स्टेरॉइडचं, आणि त्याला दिवस लागतात. मग काय होतं? निळा लगेच उपयोगी पडतो म्हणून तोच "चांगला पंप" ठरतो, दुसरा "काही फरकच पडत नाही" म्हणून कपाटात जातो. निळा पंप महिन्याच्या आत संपवून नवा मागणाऱ्या माणसाची मला खरी काळजी वाटते. दम्याच्या उपचारांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या 'जिना'ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्यांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या सल्ब्युटामोलवर ठेवायचं नाही, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच.

एक गुंता इथेच सोडवते. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेले पंप मिळतात. फॉर्मोटेरॉल लवकर काम करतं, म्हणून काही डॉक्टर हा एकच पंप रोजचाही आणि अडचणीचाही म्हणून देतात. पण सगळे जोडपंप तसे वापरता येत नाहीत. सालमेटेरॉलवाला पंप झटक्यात घ्यायचा नसतो. तुमचा कोणता आणि दिवसाला जास्तीत जास्त किती दाब, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर मागून घ्या, डॉक्टर रागावत नाहीत.

आपल्या माळव्याचं वेळापत्रकही लक्षात ठेवा. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, थ्रेशरची धूळ, त्यातच दिवाळीचे फटाके आणि घराघरातली साफसफाई. मग थंडी. मार्चच्या आसपास रंगपंचमी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि गुलाल गच्च्यांपर्यंत उडतो. त्यानंतर गव्हाची कापणी आणि नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली ताटं) जाळल्याचा धूर. ज्यांना दर वर्षी ठरलेल्या दिवसांत त्रास होतो त्यांनी छाती भरेपर्यंत थांबू नये. डॉक्टरांना आधी भेटून औषध दोन आठवडे अगोदर सुरू केलं तर मोसम पुष्कळ सुसह्य जातो. गेर बघायला जाऊ नका असं मी इंदूरच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू? पण रोजचा पंप चुकवून जाऊ नका, अडचणीचा पंप खिशात ठेवा आणि नाकातोंडाला मास्क लावून दुरून बघा.

"दाखवा बरं, कसा घेता?"

पंप देताना मी हे विचारतेच. परवा एक काकू म्हणाल्या, "अगं, वर्षं झाली घेते आहे, मला काय शिकवतेस?" आणि पंप तोंडासमोर धरून, आधी दाबून, मग श्वास घेऊन दाखवला. पांढरा ढग ओठांतून सरळ माझ्या चष्म्यावर. आत किती गेलं असेल ते तुम्हीच ठरवा.

दाबायचा पंप असा घ्या. उभे राहा किंवा ताठ बसा. टोपण काढून तोंडाच्या भागात कचरा नाही ना ते पाहा. पर्समध्ये उघड्या राहिलेल्या पंपात शेंगदाण्याचं साल सापडलेलं आहे. पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर पत्रकात लिहिलं असेल तेवढे दाब हवेत सोडा. आता पंप बाजूला ठेवून छातीतली हवा सावकाश बाहेर सोडा. मग तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा, जीभ खाली. तोंडाने हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदा दाबा. श्वास तिथे थांबवायचा नाही, तसाच संथपणे छाती भरेपर्यंत घेत राहायचा. पंप काढून तोंड मिटा, मनात दहा आकडे मोजा, मग श्वास सोडा. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्या. एका श्वासात दोन दाब कधीच नाही.

श्वास आणि बोट यांची ही जुळणी भल्याभल्यांना जमत नाही. त्यावर उपाय म्हणजे स्पेसर, तो प्लास्टिकचा नळा. "लहान मुलांचं आहे ते," म्हणून मोठी माणसं लाजतात. माझं मत विचाराल तर दाबायचा स्टेरॉइडचा पंप स्पेसरशिवाय कोणी घेऊच नये. औषध नळ्यात थांबतं, जड थेंब तिथेच राहतात, घशात कमी आणि फुप्फुसात जास्त पोचतं. एक दाब, लगेच एक संथ खोल श्वास आणि रोखणं. ते जमत नसेल तर नळ्यातूनच पाच-सहा साधे श्वास. श्वास घेताना शिट्टी वाजली तर तुम्ही फार जोरात ओढता आहात. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून त्यात बुडवा, हलवा आणि तसाच निथळत वाळू द्या. फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटतं.

कॅप्सूलवाल्या रोटाहेलरची रीत अगदी उलटी. तिथे गॅस नाही, पावडर तुमच्या श्वासाच्या जोरानेच उडायची. म्हणून श्वास जोरात आणि खोल. कॅप्सूलची पारदर्शक बाजू आधी चौकोनी भोकात घाला, तळ फिरवून कॅप्सूलचे दोन तुकडे होऊ द्या, श्वास बाहेर सोडा (यंत्रात नाही, तोंडातल्या वाफेने पावडरीचे गोळे होतात), मग ओठ आवळून जोरात ओढा आणि श्वास रोखा. नंतर उघडून पाहा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. आणि ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते! हसू नका, इतर गोळ्यांबरोबर एकत्र पुडीत बांधून दिल्यावर ती गिळणारे आजोबा मला माहीत आहेत. आता मी रोटाकॅपची डबी वेगळ्या पिशवीत देते आणि वर ठळक अक्षरात "ओढायची" असं लिहिते.

सगळं झाल्यावर चूळ. नुसता पाण्याचा घोट पिणं चालणार नाही. पाणी तोंडात खुळखुळवा, गुळण्या करा आणि थुंका. नाहीतर जिभेवर, टाळूला पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासायच्या आधी घ्यायची सवय लावली की चूळ आपोआप होते. मुलांना मास्क लावून दिलं असेल तर तोंडही ओल्या फडक्याने पुसा.

शिंका आणि चोंदलेलं नाक

नाकाच्या स्प्रेत दोन जाती आहेत आणि त्यांची अदलाबदल महागात पडते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाक मिनिटात उघडतात, पण तीन-पाच दिवसांपलीकडे घेत राहिलात तर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारी माणसं या चक्रात अडकलेली असतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोनचा स्टेरॉइड स्प्रे याच्या उलट. पहिल्या दिवशी विशेष काही जाणवत नाही, पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. शिंका, पाणी, खाज, चोंदणं या सगळ्यावर चालतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने घेता येतो. चार दिवसांत "गुण नाही" म्हणून परत आणलेला स्प्रे मी घेत नाही. वापरलेली बाटली तशीही परत घेता येत नाही म्हणा.

घ्यायची पद्धत: नाक शिंकरून साफ करा. मान मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. असं केलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातं. नाकाच्या मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर तो सोलवटतो आणि रक्त येतं. दाबताना हलका श्वास घ्या, फुलाचा वास घेतो तेवढाच. जोरात सुर्र केलं की औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि वाया जातं. रक्त येत राहिलं तर थांबा आणि डॉक्टरांना नाक दाखवा.

जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुणं, करणारे आमच्याकडे बरेच आहेत. चांगली गोष्ट आहे, फक्त स्प्रेच्या आधी करा, नंतर नाही. आणि पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं तसंच नाही.

गोळी: इथे मात्र जपून

घाबरायची जागा ही. म्हणून गोळी वाईट असं नव्हे. झटक्यात हीच जीव वाचवते आणि डॉक्टरांनी पाच दिवस लिहिली असेल तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नये. धोका आहे तो मनाने घेण्यात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही शेड्यूल एचची औषधं आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. "तुम्ही नाही दिलं तर पुढचा देईल," असं मला ऐकवतात. देत असेलही. मी देत नाही.

गोळी सकाळी, काहीतरी खाऊन घ्यावी. पोहे झाले की घेतली, असं ठरवून टाका. सकाळी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोलही वर असतं, त्यामुळे लय कमी बिघडते. रात्री घेतली तर पंख्याकडे बघत पडाल. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला रिकाम्या पोटी गोळी नको. पंपाने मात्र पोटात काही त्रास होत नाही, तो उपवासालाही चुकवू नका.

भूक खवळते. त्यात आपलं गाव शेवेचं. स्टेरॉइड अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, वर वाटीभर लसणी शेव खाल्ली की पाय सुजले, रक्तदाब चढला म्हणून तक्रार येते. तेवढे दिवस नमकीनचा डबा वरच्या फळीवर.

मधुमेहींनी हे नीट वाचा. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेची उपाशीपोटीची साखर सुरेख येऊ शकते आणि माणूस निर्धास्त राहतो. म्हणून तपासणी दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी करा, आकडे लिहून डॉक्टरांना कळवा. २०२१ च्या उन्हाळ्यात काय झालं ते इंदूर विसरलेलं नाही. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना ठरावीक डोसात आणि ठरावीक दिवस डेक्सामेथासोन दिल्याने जीव वाचले. पण घरबसल्या, ऑक्सिजन नीट असताना, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चिठ्ठी बघून घेतलेलं स्टेरॉइड आणि सुटलेली साखर यातून काळ्या बुरशीला वाट मिळाली, आणि एम. वाय. हॉस्पिटलचे वॉर्ड त्या रुग्णांनी भरले. त्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी दवाबाजारात नातेवाईक फिरत होते ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

थांबवण्याचा नियम असा. पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स बहुधा सरळ थांबवता येतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेली असते. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर ती स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करते. एकदम बंद केलं तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित जिवावर बेतणं. म्हणून डॉक्टर सांगतील त्या पायऱ्यांनी उतरायचं. अशा माणसाने पाकिटात एक कागद ठेवावा: औषधाचं नाव, डोस, कधीपासून. अपघात झाला, ऑपरेशन ठरलं, दात काढायचा असला तरी तो कागद आधी पुढे करा. महिनोन्‌महिने चालणार असेल तर हाडं, डोळे (मोतीबिंदू, काचबिंदू) आणि रक्तदाब यांची तपासणी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीबद्दल विचारणा. घरात कोणाला टीबी होता किंवा आहे, कांजिण्या निघाल्या आहेत, हे न विचारताही सांगा. गोळीचा कोर्स वर्षात दुसऱ्यांदा लागला तर त्याचा अर्थ रोजचा उपचार कमी पडतोय, छातीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.

दोन जोड्या मी काउंटरवर हमखास अडवते. एक, स्टेरॉइडची गोळी चालू असताना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. दोन्ही मिळून पोटात अल्सर करू शकतात. दुसरी जास्त फसवी: पावसाळ्यात गजकर्णासाठी इट्राकोनाझोल. हे औषध यकृताचं काम मंदावतं, त्यामुळे पंपातलं फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड रक्तात साठत जातं आणि पंपाचेच गोळीसारखे परिणाम दिसू लागतात. त्वचेच्या डॉक्टरांना पंपाचं सांगितलेलं नसतं, छातीच्या डॉक्टरांना गजकर्णाचं नसतं. सांगा.

आणि ती "जडीबुटीची" पुडी. एका खेपेत दमा गायब, खाज गायब, भूक दणकून, चेहरा गोल गरगरीत, "तब्येत सुधारली" म्हणून घरचे खूश. अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडलेलं आहे, पुन्हा पुन्हा. ज्या पुडीवर घटक, कंपनी, तारीख काही लिहिलेलं नाही ती घेऊ नका. घेत असाल तर अचानक बंदही करू नका, पुडीसकट डॉक्टरांकडे जा. अ‍ॅलर्जीसाठी "सीझनचं एकच इंजेक्शन" मागणाऱ्यांनाही हेच सांगेन. ते स्नायूत साठून आठवडेच्या आठवडे सगळ्या अंगाला स्टेरॉइड पुरवत राहतं, त्रास झाला तर काढून घेता येत नाही. शिंकांसाठी एवढी किंमत कशाला?

मुलं, सुना आणि आजोबा

"पोराची उंची खुंटेल." थोडा परिणाम होतो, लपवण्यासारखं काही नाही. रोजच्या पंपाने पहिल्या एक-दोन वर्षांत वाढ किंचित मंदावते, मोठेपणी फरक राहतो तो साधारण एक सेंटीमीटर. पण आवाक्यात नसलेला दमा, रात्रीचा खोकला, बुडलेली शाळा आणि पुन्हा पुन्हा गोळ्यांचे कोर्स हे मुलाच्या वाढीला जास्त मारक. डॉक्टर लागेल तेवढाच कमीत कमी डोस ठेवतात, दर भेटीत उंची मोजून घ्या. घरी नेब्युलायझर असला म्हणजे ती नुसती वाफ नव्हे. बुडेसोनाइडची नळी घालता तेव्हा तेही स्टेरॉइडच असतं. शेजारणीच्या मुलाला चाललं म्हणून आपल्याला नको.

दिवस गेले की सासू पहिला पंप बंद करायला लावते. करू नका. आईला दम लागला तर बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो, आणि बुडेसोनाइडचा पंप गरोदरपणात वापरण्याचा अनुभव भरपूर आहे. डॉक्टरांना कळवा आणि चालू ठेवा.

आजोबांची बिडीची किंवा आजींची चुलीच्या धुराची धाप हा बहुधा दमा नसतो, सीओपीडी असतो, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात. त्यात स्टेरॉइडचा पंप सगळ्यांना लागत नाही, काहींना न्युमोनियाचा धोकाही वाढतो. म्हणून नातवाचा पंप आजोबांना नको.

पंपावर विसंबायचं नाही ती वेळ

वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर, कोविडपासून घरात पडलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९२ च्या खाली: १०८ लावा किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा. तोवर रुग्णाला ताठ बसवा, आडवं करू नका. निळा पंप स्पेसरमधून एकेक दाब, प्रत्येक दाबाला चार श्वास, असे चार दाब. चार मिनिटं थांबून पुन्हा तेच. रोजचा नुसता स्टेरॉइडचा पंप या घडीला उपयोगाचा नाही, त्याच्या मागे वेळ घालवू नका. आणि मधमाशी चावून, शेंगदाणा किंवा औषध खाऊन अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, चक्कर आली, तर पहिलं औषध मांडीत टोचायचं अ‍ॅड्रिनलिन. स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतरचं, ते येऊन काम करेपर्यंत तास जातात.

राहिलं ठेवण्याचं. आपल्या मे महिन्यात अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत पंप ठेवू नका. आत दाबाखालचा गॅस असतो आणि बाहेरच पारा ४०च्या पलीकडे गेलेला असतो. फ्रिजचीही गरज नाही, कपाटातली गार कोरडी जागा पुरे. पंपाच्या मागे आकडा दाखवणारी खिडकी असेल तर वीसवर आला की नवा आणा. खिडकी नसेल तर सुरू केल्याची तारीख मार्करने पंपावरच लिहा आणि रोजच्या दाबांनी भागून संपायचा दिवस काढा. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती सोडून द्या, आणि फुसफुस आवाज येतो म्हणजे औषध आहे असंही नाही, औषध संपल्यावर नुसता गॅस बराच वेळ येत राहतो. नवा घ्यायला याल तेव्हा जुना पंप आणि स्पेसर दोन्ही पिशवीत टाकून आणा. काउंटरच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं आहे, बसून एकदा घेऊन दाखवा.